मंत्रिमहोदय, तुमची जीभ आम्ही पाहिली आहे

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

काल सकाळी आपल्या खात्याच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आपली तक्रार थोडक्यात सांगा." मी म्हटलं, "सोनोग्राफी मशीन." त्या म्हणाल्या, "प्रसूती विभागासाठी १ दाबा." मी ५२ वर्षांची आहे. पुन्हा लावला आणि "वाचा-उपचार" म्हटलं. "माफ करा, समजलं नाही." तीनदा माफी मागून बाईंनी फोन कापला. म्हणून लिहायला बसले. हात शाबूत आहेत. म्हणजे उजवा आहे. डाव्या मनगटाजवळची कातडी सध्या माझ्या तोंडात आहे.

दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझ्या जिभेचा डावा भाग काढला आणि तिथे हाताची कातडी शिवली. भोक बुजलं, पण त्या कातडीला स्पर्श कळत नाही. दाढ काढताना सुन्न केलेलं तोंड आठवा. तसंच, फक्त न उतरणारं. बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या वाचा-उपचाराच्या थेरपिस्ट मॅडम सांगायच्या, "जीभ मागे घ्या, वर टेकवा." कुठे मागे? टेकली की नाही हे मला कोण सांगणार? आरशात ओठ दिसतात, दात दिसतात. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो, तो कुठल्या आरशात बघायचा? मी 'काका' म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला 'हाहा' ऐकू यायचं. लोकांना वाटायचं, बाई हसतात.

मग ते यंत्र आलं. पोटाची सोनोग्राफी करतात तेच, दुसऱ्या विभागाने टाकून दिलेलं. हनुवटीखाली गार जेल, त्यावर प्रोब (यंत्राचा टेकवून धरायचा भाग), आणि समोर काळ्या स्क्रीनवर एक पांढरी कमानदार रेघ. "ही तुमची जीभ." मला हसू फुटलं, तर रेघही थरथरली. टाळू त्यात दिसत नाही, जिभेवरच्या हवेपाशी ध्वनिलहरी परत फिरतात. मग मॅडम पाण्याचा घोट घ्यायला लावायच्या. घोट जाताना टाळू क्षणभर उमटतो, तेवढ्यात चित्र थांबवून, स्क्रीनवर पारदर्शक कागद लावून त्या तो मार्करने गिरवून घ्यायच्या. "आता मागची रेघ इथपर्यंत आणा." प्रोब आडवा धरला तेव्हा कळलं की उजवी बाजू उचलली जाते आणि डावी ओल्या फडक्यासारखी पडून राहते. दीड वर्ष जे सगळे मला कानात ओरडून सांगत होते, ते एका मिनिटात डोळ्यांना दिसलं.

जादू नव्हती, उगाच वाढवून सांगत नाही. मान अवघडायची. प्रोब जरा सरकला की चित्र गायब. कधी रेघेकडे बघू की बोलू हेच समजायचं नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आतापर्यंतचे बरेचसे अभ्यास थोड्या-थोड्या रुग्णांवरचे आहेत, हेही मॅडमनीच सांगितलं होतं. पण सहाव्या सेशनला 'काका' आलं. स्वच्छ. मॅडमनी लगेच स्क्रीन भिंतीकडे फिरवली, "आता न बघता." नाही आलं. बघून येणारं न बघता येऊ लागणं, हेच उरलेल्या सेशनचं काम होतं. १६ ठरली होती. ११ झाली.

बाराव्या सेशनला गेले तर टेबलावर नुसती जेलची बाटली. यंत्र 'तात्पुरतं' दुसरीकडे नेलं होतं, दोन आठवड्यांत परत येणार होतं. त्याला आज पाच महिने झाले. यंत्राच्या कामाचे दिवसाला पाच तास धरले तर दीडशे दिवसांचे साडेसातशे तास बुडाले. सुट्ट्या वजा करा, मी केल्या नाहीत. माझ्या जिभेला सुट्टी नसते.

महोदय, उद्घाटनाला आपण आला होतात. फीत कापलीत, आणि फोटोवाल्यांच्या आग्रहाखातर हनुवटीखाली जेल लावून "अ, आ, इ" म्हणालात. आम्ही रुग्ण मागे उभे होतो. आपली रेघ काय सुरेख वळत होती! इतकी लवचीक जीभ मी आजवर पाहिलेली नाही. त्याच जिभेने पाच मिनिटांत आपण म्हणालात, "ही सेवा एक दिवसही बंद पडू देणार नाही."

ही काही कालची टूम नाही. शॉकर आणि सोनीज या संशोधकांनी अल्ट्रासाउंड दाखवून उच्चार शिकवण्याचा प्रयोग १९८५ साली छापला. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या ग्रामीण भागात हे तंत्र नेऊन पाहिलं, तो अभ्यास २००८ चा. म्हणजे तिथे यंत्र रुग्णाकडे गेलं. आपल्याकडेही गेलं म्हणा, फक्त रुग्णापासून लांब.

मी तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: "सदर पत्र पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आले आहे." हे वाक्य मला पाठ आहे. १९ वर्षं मी एका कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर होते, तेच लोकांना ऐकवत होते. "साहेब जागेवर नाहीत", "उद्या या". जीभ शाबूत असताना तिचा मी काय उपयोग केला, ते आता रेकॉर्ड रूममध्ये बसून आठवते. हो, ऑपरेशननंतर मला तिथे हलवलं. फायलींना 'क' लागत नाही. आणि फायलींमध्ये बसून एक गोष्ट कळली: आपल्याकडे वस्तू घेतल्याची नोंद असते, वापरल्याची नसते. फीत कुठे कापली याची फाईल आहे. कोणाचं सेशन अर्धवट राहिलं याची फाईल मला तरी सापडली नाही, आणि मी दिवसभर फायलीच शोधते. ज्याला बोलता येत नाही त्याने तक्रार बोलून नोंदवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला बढती मिळाली असणार.

मागणं फार नाही. यंत्र परत द्या. ते नेण्याचा हुकूम कोणी दिला ते लेखी कळवा. अर्धवट राहिलेल्यांची उरलेली सेशन पहिल्यांदा पूर्ण करा. माझ्यानंतर एक सात वर्षांचा मुलगा असायचा, त्याची आई अजून दर मंगळवारी विचारायला येते. आणि त्या फोनवर एक माणूस बसवा.

उत्तर पत्राने नको, फोनच करा. मी उचलीन. पहिल्यांदा कळलं नाही तर पुन्हा सांगीन, तेवढा वेळ फोन ठेवू नका.

आपली,
चौकशी खिडकी क्र. ३
(सध्या रेकॉर्ड रूम)