आमचूर पाठवतोय, फोन उचल

बेटा,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून लिहू का नको लिहू चाललंय. आई म्हणते नका लिहू, पोरगी दमलेली असते, तुमचे लांबलचक मेसेज वाचायला तिला वेळ कुठाय. पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास की "सगळं ठीक आहे पप्पा". म्हणून लिहितोय. ड्युटी संपली की वाच, नाही वाचलंस तरी चालेल. नाही, वाचच.

तू एवढंच म्हणालीस की सीनियर सगळ्यांसमोर बोलल्या, कोट्यातली ना तू, मग फायली लाव, सीझरला उभी राहू नको. आणि लगेच "जाऊ द्या". मी म्हणालो उद्याच कॉलेजला येतो, तू म्हणालीस आलात तर मी खाली पण उतरणार नाही. मग मी आवाज चढवला. ते चुकलं माझं.

पण हे "जाऊ द्या" तुला शिकवलं कोणी, तर मीच. एमबीबीएसच्या पहिल्या आठवड्यात सगळे तुला विचारत होते नीटला स्कोअर किती, तुला वाटलं सहज विचारतात, मग कळलं की आकड्यावरून कॅटेगरी काढतात. तू रडत फोन केलास आणि मी काय म्हणालो, दुर्लक्ष कर, अभ्यासाने उत्तर द्यायचं. अभ्यासाने तर तू दिलंस की. नाशिकच्या विद्यापीठाचा पेपर सगळ्यांना एकच, पासिंग एकच, तिथे कसला आला कोटा, आणि फार्माकॉलॉजीत तुला डिस्टिंक्शन (अख्ख्या पाड्याला पेढे वाटले होते, काकू अजून सांगत असते). आणि आता पीजीला गेलीस तरी पुन्हा तेच ऐकायचं. शंभरात सात जागा एसटीच्या, त्या सातांना शंभर वेळा हिशोब द्यावा लागतो.

मी पण आयुष्यभर हेच केलं बेटा. आरोग्य खात्याच्या आढावा बैठकीत साहेब म्हणाले तुमच्या लोकांना रिपोर्टिंग जमत नाही, आणि माझ्या मलेरियाच्या रक्ततपासणीच्या स्लाइडी तालुक्यात सगळ्यात जास्त होत्या. मी हसलो. सगळे हसले म्हणून मी पण हसलो. घरी येऊन आईवर चिडलो, तुला आठवत असेल, ताट ढकललं होतं.

तू म्हणालीस पायल तडवीचं नाव घरात काढू नका, मी पायल नाही. मान्य. पण 2019 चा मे विसरू कसा? तू नीट देऊन निकालाची वाट बघत होतीस, आणि 22 तारखेला मुंबईत ती गेली, तुझ्यासारखीच गायनॅकची पीजी, आपल्या खानदेशातली, तडवी भिल्ल. जातीवरून छळ करून तिला आत्महत्येकडे ढकलल्याच्या आरोपात तीन सीनियरना अटक झाली, केस कोर्टात गेली. तिच्या घरचे म्हणत होते आम्ही कॉलेजला आधी सांगितलं होतं. आई त्या दिवशी म्हणाली, नका पाठवू पोरीला. मीच पाठवलं. नंतर पायलची आई आणि रोहित वेमुलाची, हैदराबाद विद्यापीठातल्या त्या पोराची, आई दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, कॉलेजातल्या भेदभावाविरुद्ध यूजीसीचे 2012 चे नियम आहेत ते नुसते कागदावर ठेवू नका म्हणायला. म्हणजे नियम होतेच. आणि 2007 ला थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या एससी-एसटी मुलांचं लिहून ठेवलं होतं, हॉस्टेलमध्ये काय चालतं, शिक्षक कसे वागतात, सगळं.

म्हणून सांगतो, एक वही कर, तारीख वेळ लिही, कोण काय बोललं, समोर कोण होतं. तुमच्याकडे समान संधी कक्ष, भेदभावाची तक्रार घेणारा, असणारच, नोटीस बोर्डावर बघ. रॅगिंगच्या हमीपत्रावर तुझ्याबरोबर मी पण सही केलीय, रॅगिंग हेल्पलाइनचा 1800-180-5522 मी माझ्या फोनमध्ये टाकून ठेवलाय. गाईड मॅडम बऱ्या वाटतात म्हणालीस, तर त्यांना सांग, एकटी जाऊ नको, रूममेटला घेऊन... बघ, परत भाषण. सॉरी. तुला सगळं माहितीये, नियम तूच मला समजावून सांगशील.

काल रात्री झोप नव्हती तर ते आठवत होतं, तू चौथीत, ताप उतरेना म्हणून नंदुरबारला ॲडमिट. डॉक्टरांनी आईला विचारलं ताप कधीपासून, ती म्हणाली भोंगऱ्या बाजाराच्या (आपला होळीआधीचा बाजार) दुसऱ्या दिवसापासून. ते हसले, सिस्टर पण हसल्या, यांना तारीखच सांगता येत नाही. मी औषध आणायला गेलो होतो. तू सलाईन लावलेल्या हाताने बोटं मोजलीस आणि म्हणालीस, सर, म्हणजे नऊ दिवस झाले. तापात! डॉक्टर गप्प झाले आणि नऊ दिवस लिहिलं. हे मला तू नाही सांगितलंस, शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं. तेव्हापण तू सांगितलं नव्हतंस.

तू मागे म्हणाली होतीस आता एमबीबीएसला एटकॉम असतं, पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवतात, तुमचीच बॅच पहिली. मी विचारलं होतं, आणि ज्युनियरशी कसं बोलायचं ते? तू हसलीस. मी खरंच विचारलं होतं. धडगावच्या डोंगरातून झोळीत घालून आणलेली बाई काय म्हणते ते तुझ्या त्या सीनियरला कळणार नाही, तुला कळेल, आणि फायली लावायला तूच.

घाबरट बाप समज हवं तर. पण जेवलीस का विचारलं की "हो" एवढंच नको, काय जेवलीस ते सांग.

आमचूर आणि उडीद पाठवणार होतो, आता स्वतःच आणतोय. शनिवारची रजा टाकलीय, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो. कॉलेजला येणार नाही, शब्द देतो. सकाळी डेपोसमोरच्या चहावाल्याकडे बसेन, ड्युटी सुटली की ये, दुपार झाली तरी चालेल, मला घाई नाही.

पप्पा