तरुण उदासीन नाहीत, यादीबाहेर आहेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तरुणांना मतदान नको असते, सुट्टी हवी असते, हा कालच्या अग्रलेखाचा सूर वाचून वाईट वाटले आणि रागही आला. मत न देणारा प्रत्येक तरुण बेफिकीर, हे आपण कशावरून ठरवले? मतदार यादीत नाव नेमके कुठे अडकते, हे कॉलेजांतून अर्ज भरून घेणाऱ्या कुणालाही विचारायला हवे होते.

महापालिकांचेच बघा. मुंबई-पुण्यात २१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झाले, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. मार्च २०१७ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलीने पहिल्यांदा नगरसेवक निवडला तेव्हा तिला सत्ताविसावे सरत आले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत युवा म्हणजे १५ ते २४ वर्षे. त्या हिशोबाने शहराच्या कारभारात मत मिळण्याआधीच तिचे तरुणपण संपले. शिवाय या वेळी विधानसभेची १ जुलै २०२५ पर्यंतची यादी धरली गेली. त्यानंतर अठरा पूर्ण झालेले सगळे बाहेरच राहिले. त्यांना उदासीन म्हणणे हा अन्याय आहे.

मतदानाचे वय २१ वरून १८ झाले ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने. पण २ जानेवारीला जन्मलेल्याला नाव लागायला पुढच्या १ जानेवारीची वाट बघावी लागे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. ही मोठी सोय आहे, पण अकरावी-बारावीच्या वर्गांत ती अजून पोचलेली नाही.

आता फॉर्म ६, म्हणजे यादीत नवे नाव लावायचा अर्ज, कुठे फसतो ते सांगतो. ऑनलाइन भरताना नाव इंग्रजीत टाइप केले की मराठी रकाना आपोआप भरतो आणि ‘काळे’चे ‘काले’ होते. मुले न बघता पुढे जातात. तिथल्या तिथे मराठी कीबोर्डने ‘ळ’ घालायला अर्धा मिनिट लागतो; नाही घातला तर नंतर दुरुस्तीसाठी फॉर्म ८ भरावा लागतो. लहानपणी काढलेल्या काही आधार कार्डांवर नुसते जन्मवर्ष छापलेले असते, ते वयाच्या पुराव्याला पुरत नाही. जन्मदाखला, पॅन किंवा जन्मतारीख असलेले बोर्डाचे प्रमाणपत्र जोडा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. सेल्फी कापून लावू नये. घरातल्या मतदाराचे नाव आणि त्याचा एपिक नंबर, म्हणजे मतदार ओळखपत्राचा क्रमांक, विचारणारा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. तो भरा, म्हणजे यादीच्या आईवडिलांच्याच भागात नाव लावणे सोपे जाते.

सगळ्यात जास्त घोळ हॉस्टेलच्या मुलांचा. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्याला गावी किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, एकाच ठिकाणी नाव लावता येते. हॉस्टेलसाठी प्राचार्यांचा बोनाफाईड, म्हणजे तिथे शिकत असल्याचा दाखला लागतो. पण गावी नाव असताना शहरात पुन्हा फॉर्म ६ भरणारे पुष्कळ. दोन ठिकाणी नाव लागते, आणि आधी कुठेही नाव नाही असे खोटे लिहून दिल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्ता बदलायला फॉर्म ८ आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. गावचा पत्ता ठेवला तर दुसरी अडचण. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचे काम बघणारे अधिकारी, पडताळणीला येतात तेव्हा मुलगा दोनशे किलोमीटरवर असतो, घरचे रानात, आणि दाराला कुलूप बघून शेरा पडतो. अर्जात चालू मोबाइल नंबर द्यावा, घरी आधी सांगून ठेवावे आणि संदर्भ क्रमांकाने दर आठवड्याला स्थिती बघावी. अर्ज फेटाळला तरी कारण वाचून पुन्हा भरता येतो. विधानसभा-लोकसभेच्या वेळी उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेला दहा दिवस उरेपर्यंतच मुदत असते, आणि ती कळावी म्हणून तरुण तुमच्याच वर्तमानपत्राकडे बघतात. ही बातमी आपण आतल्या पानावर चार ओळींत छापता. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मात्र शाईचे बोट दाखवणाऱ्या मुलींचा फोटो पहिल्या पानावर पाव पान असतो.

आणखी एक सांगायचे आहे. आपल्या बातम्यांत पंचेचाळिशी ओलांडलेले पुढारी सर्रास ‘युवा नेते’ असतात. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने युवा म्हणजे १५ ते २९ वर्षे असे स्पष्ट म्हटले आहे. विधानसभेची उमेदवारी पंचविसाव्या वर्षी करता येते, महापालिकेची एकविसाव्या वर्षी. त्या वयाच्या उमेदवारांना आपल्या पानांत जागा मिळत नाही आणि त्यांच्यासाठीचा शब्दही दुसऱ्यांनाच दिला जातो. तो शब्द कृपया एकोणतीसच्या आतल्यांसाठीच वापरावा, आणि येत्या १२ जानेवारीला, युवा दिनी, फॉर्म ६ कसा भरायचा हे पहिल्या पानावर छापावे ही विनंती.

— एक नियमित वाचक, पुणे