काकू, सुई आता माडीवर आहे

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, पुरे’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय. आणि चारचौघांसमोर लिहितोय, कारण घरात पाच-सहा वर्षांचं मूल, त्याच्या हातात सुई आणि आपल्याला काही सुचत नाही अशा अवस्थेत आणखीही कुणी बसलं असेल. तुमची विद्या त्यांच्याही कामी यावी.

तुम्ही खालच्या मजल्यावरून आमच्याकडे वर येण्याआधीचे दिवस मी तुम्हाला नीट सांगितलेच नव्हते. धाकटीला बाहुलीसाठी उशी शिवायची होती, आणि ती स्वतःच. मी उत्साहानं प्लास्टिकची सुई आणली. ती कापडात शिरेचना. मग शर्टाची बटणं लावायची बारीक सुई दिली, तर दोन मिनिटांत बोटाला टोचली. शिवाय दर दोन टाक्यांनी नेढ्यातून दोरा निसटायचा. ओवून दे, निसटला, पुन्हा ओवून दे. त्यात मी शेजारी बसून ‘असं नाही गं, असं’ म्हणत तिच्या हातातली सुई काढून घ्यायचो. तिसऱ्या दिवशी तिनं कापड माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “तूच कर बाबा.” रागावून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्ही जिन्यात भेटलात तेव्हा मी फक्त सुईचा नंबर विचारला होता. तुम्ही वर आलात आणि सुईकडे पाहिलंच नाहीत. आम्ही बसतो कसे, ते पाहिलंत.

“ती डावखुरी आहे ना रे? मग शेजारी काय बसलायस? समोर बस.”

मी समोर बसलो. मी उजव्या हातानं टाका घातला, तो तिला आरशात दिसावा तसा तिच्या डाव्या हाताच्या बाजूला दिसला. मी उजवीकडून डावीकडे शिवत गेलो, ते तिच्या बाजूनं डावीकडून उजवीकडे झालं, म्हणजे डावखुऱ्यांना सोयीचं पडतं तस्सं. इतके दिवस मी तिला जे ‘उलटं करू नकोस’ म्हणत होतो, ते तिचं सुलटं होतं. दोघांचा हात एकच असेल तर मात्र शेजारीच बसावं, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. पाच मिनिटांचं काम होतं हो, आणि मी नंबर शोधत बसलो होतो.

नंबराचंही नंतर कळलं. मी मोठा आकडा म्हणजे मोठी सुई समजत होतो. हातशिवणीच्या सुयांमध्ये आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. तुम्ही दिलीत ती १८ नंबरची टॅपेस्ट्रीची सुई, जाडसर, लांबट मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची. बोथट सुई घट्ट विणीच्या कापडातून जात नाही, म्हणून कापड मॅटीचं, ज्यात विणीची भोकं डोळ्यांनी दिसतात. दोरा तिच्याच बोटांपासून कोपरापर्यंतच्या मापाचा, माझ्या हाताच्या मापाचा नाही. आणि नेढ्यापाशी त्याची बारीक गाठ, की निसटायचा प्रश्नच मिटला. विरळ कापडातून ती गाठ सहज जाते. या एका गाठीनं आमच्या घरातली निम्मी भांडणं संपवली. पीळ पडून दोऱ्याचा गुंता व्हायला लागला की कापड उंच धरायचं आणि सुई लोंबकळू द्यायची, ती गरगर फिरत पीळ सोडते. हे तर ती शिवणापेक्षाही आवडीनं करते. पीळ पडलेला नसला तरी करते.

पण कापडाच्या आधी तुम्ही पुठ्ठा दिलात. वहीचा जुना पुठ्ठा, त्याला भोकं, आणि बुटाची नाडी. मला वाटलं वेळ काढताय. पुढे मी वाचलं, की ज्या फ्रोबेलनं १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, त्याच्या पद्धतीत मुलांच्या हातांना जी कामं दिली जात, त्यांत जाड कागदाला टोचून भोकं पाडणं आणि त्यांतून दोरा ओवणं होतंच. तुम्हाला सांगायला धावत खाली आलो, तर तुम्ही म्हणालात, “मग त्यानं बरोबर केलं म्हणायचं.”

मुलं अडतात कुठे, हे तुम्हाला ठाऊक होतं. सुई वरून खाली घालतात आणि परत वर आणायची ती कडेवरून आणतात, मग दोरा कापड ताणून धरायच्या गोल रिंगला गुंडाळला जातो. मी ‘खालून काढ, खालून’ ओरडायचो. तिच्या दृष्टीनं ती खालूनच तर आणत होती! तुम्ही कापड आडवं धरून विचारलंत, “सुई आत्ता माडीवर आहे की तळघरात?” तिनं वाकून पाहिलं. तळघरात. “मग माडीवर यायला जिना कुठला? छपरावरून उडी मारून येते का कुणी?” त्यानंतर दहा मिनिटं नुसतं माडी, तळघर, माडी, तळघर. त्याला धावदोरा म्हणतात हे तिला कितीतरी नंतर कळलं.

आता जे सांगायचंय ते थोडं लाजत.

तिनं पहिली ओळ पुरी केली त्या रात्री ती झोपल्यावर मी ती उसवली. सगळी नाही. मधले चार-पाच टाके फारच लांब होते, दोन ठिकाणी दोऱ्याचे फासे लोंबत होते. मी ते नीट करून ठेवले. चांगल्या हेतूनं, असंच स्वतःला सांगितलं. सकाळी तिनं रिंग हातात घेतली, बोट फिरवलं आणि बाजूला ठेवली. “हे माझं नाहीये.” त्यानंतर चार दिवस सुईला शिवली नाही.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही माझ्या शर्टाकडे पाहिलंत. एक बटण नव्हतं. “घे, लाव. तिच्यासमोर. आणि डाव्या हातानं.”

काकू, मी त्या बटणापाशी पाऊण तास बसलो होतो. सुई हवी तिथे वर येईना. खालून अंदाजानं काज सापडावं तसं बटणाचं भोक शोधावं लागतं आणि हात ऐकत नाही. चार भोकांपैकी तिसऱ्यात दोनदा घातली, चौथं राहूनच गेलं. धाकटी आधी लांबून बघत होती. मग जवळ आली. मग समोर येऊन बसली, आणि “बाबा, माडीवर! माडीवर ये ना! अरे तळघरातच आहेस अजून!” एकदा तिनं सुईकडे हात नेला, आणि तुम्ही तो अलगद धरलात. “त्याचं त्याला करू दे,” तुम्ही तिला म्हणालात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. गरजच नव्हती.

तेव्हापासून ती शिवते तेव्हा मी माझे हात मांडीखाली घेऊन बसतो. रात्री काही उसवत नाही. फासे लोंबतात, लोंबू देतो.

सुयांची मोजणी चालू आहे. पिनकुशनमध्ये पाच, काम संपलं की पुन्हा पाच, त्याशिवाय उठायचं नाही. सुईला जागा तीनच, हातात, कापडात किंवा पिनकुशनवर. तोंडात नाही, सोफ्यावर नाही. एकदा पाचवी सापडेना. लोहचुंबक घेऊन सगळी खोली पालथी घातली, चादरी झटकल्या. माझ्याच बाहीत खोचलेली निघाली. त्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी वेगळा नियम केलाय, तो इथे सांगत नाही.

‘अजून हवंय म्हणत असतानाच थांबव’ हा तुमचा सल्ला मात्र मला अजून जमत नाही. दहा मिनिटं म्हणून बसतो आणि अर्धा तास होतो.

उशीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तिची पिशवी झाली, कारण चौथी बाजू शिवायचा कंटाळा आला. त्यात तिनं मणी भरले आणि ते धावदोऱ्याच्या फटींतून टपटप खाली पडले. मी तोंड उघडणार होतो, उघडलं नाही. ती मणी बघत राहिली, पिशवी उलटी करून फटी बघितल्या आणि सरळ तुमच्याकडे आली. तुम्ही तिला एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे अशी उलटी टीप दाखवलीत. ‘आता शिक’ म्हणून मी ती सांगितली असती तर महिना गेला असता. मण्यांनी एका दुपारीत शिकवली. आता लहान मणी गळत नाहीत. तुमचा तो राखाडी मणी अजून कोपऱ्यातून पडतो. कोपरा तिला पटत नाही, तिथे काय करायचं ते ती तुम्हालाच विचारणार आहे, मला विचारायचं नाही असं सांगितलंय.

आणि ते बटण, तीन भोकांवर लोंबतंय. मी तोच शर्ट घालून बाहेर जातो, लोक बघतात. परवा मी सुई घेतली तर तिनं पिनकुशन उचलून नेलं. ते ती लावणार आहे, चारही भोकं धरून. रविवारी सकाळी बसायचं ठरलंय. जमलं तर या. मी समोर बसेन, हात मांडीखाली.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा