काकाजी, तुमचा लेव्हलचा पाइप आमच्याकडेच राहून गेला

काकाजी नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे सोड ना बाप्पा" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून इथेच लिहून राहिलो, सगळ्यांसमोर. निकाल लागला. नोटीस रद्द. आईनं देवापुढे साखर ठेवली अन् पहिलं विचारलं, काकाजींना सांगितलं का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ चं घर, नकाशा मंजूर. आईचे गुडघे गेले म्हणून मागच्या संडासात कमोड बसवला, आतले पाइप बदलले, बस एवढाच काय तो आमचा गुन्हा. मग उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या नळाला घाण वास यायला लागला अन् इन्स्पेक्शनवाले साहेब आले. गेटजवळ पाच मिनिटं उभे, नाकाला रुमाल. आठवड्यात नोटीस, प्लंबिंग अनधिकृत आहे, काढा नाहीतर तोडू अन् नळ पण कापू. त्या दिवशी आईनं पाण्याचा ट्रे पुढं केला तर साहेब म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी नको मावशी."

हे वाक्य गल्लीभर झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, वाण घेतलं, पण चहाला "नको हो, उपास आहे". एकजात सगळ्यांचा उपास! आई काही बोलली नाही, रात्री एकटीच ते कप पुसून ठेवत बसली होती. एक कप वापरला नव्हता कोणी.

आमचा पहिला वकील तारखा घेत राह्यला अन् फी पण. माजी नगरसेवक "पाहतो ना भाऊ" म्हणाले, पाहूनच राहिले असतील अजून. अन् तुम्ही, ना ओळख ना पाळख, सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर स्टॅम्पवाल्याच्या लाइनीत माझ्या मागं उभे होते, माझ्या हातातली नोटीस पाहून एवढंच विचारलं, "चेंबर उघडून पाह्यलं का कोणी?"

कोणीच पाह्यलं नव्हतं काकाजी. वर्ष झालं होतं, सगळे कागदच पाहून राहिले होते.

मे महिना, पारा ४५ च्या पुढं, अन् तुम्ही रिटायर झालेला माणूस डोक्याला दुपट्टा बांधून सकाळीच दारात हजर. लेव्हलच्या पाइपात पाणी भरून उतार मोजला, ४ इंची लाइनीला ४० फुटाला १ फूट पाहिजे, तो होता. मग संडासात नीळ ओतली अन् चेंबरपाशी उकिडवे बसले. निळं पाणी आमच्या चेंबरात आलं, तिथून रस्त्यावरच्या गटार लाइनीत गेलं. नालीत थेंब नाही, शेजाऱ्यांकडे तर नाहीच. वासाचं कारण पण तुम्हीच काढलं. त्यांच्याच नळाचा जुना लोखंडी पाइप नालीतून गेलेला, गंजून भोक पडलेलं. पाणी सुरू असलं की प्रेशरनं ते बाहेर गळते, सप्लाय बंद झाला की तेच भोक नालीतलं आत ओढते. शेजारी बघतच राह्यले.

पण मला सांगायचं ते पुढचं आहे. गल्लीतले दहाबारा जण उभे असताना तुम्ही हात धुतले, आमच्या ओट्यावर बसले अन् जोरात म्हणाले, "वहिनी, पाणी द्या." आई म्हणाली फिल्टरचं आणते. "नाही, नळाचंच द्या." अन् भरलेला तांब्या सगळ्यांसमोर घटाघटा प्याले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं अन् म्हणाले, "अजून आहे का?" आई आत गेली ती पाच मिनिटं बाहेरच आली नाही.

कोर्टात काय झालं ते सांगत बसत नाही. तुम्ही १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला, त्यात तपासणीच्या कागदावर मोजमापाचा रकाना कोराच निघाला. अन् एमआरटीपी, म्हणजे १९६६ चा महाराष्ट्राचा नगररचना कायदा, त्याच्या ४३ व्या कलमात घराच्या आतल्या कामाला सूट आहे हे पण नवीन वकिलाच्या आधी तुम्हीच बोलले होते. पैसे विचारले तर रागावले, पेट्रोलचे पण घेतले नाही.

मी खूप विचार केला, साहेबाला पण पाणीच दिलं होतं, तुम्हाला पण पाणीच. नियम दोघांना सारखेच माहीत. मग फरक कुठून येते? पगारातून तर नक्कीच नाही, ते सरकारी नोकरीत अन् तुम्ही पेन्शनवर. आईला विचारलं तर म्हणते, संस्कार असतात बाबू. असतील.

असो. आईनं सांबारवडी करायचं ठरवलंय रविवारी, तिखट कमी टाकेन म्हणते. अन् तुमचा लेव्हलचा पाइप आमच्या जिन्याखाली गुंडाळून ठेवलाय, मी मुद्दामच पोचवून देत नाही. घ्यायला तुम्हालाच यावं लागेल.