कोणत्या पाल्याचं पाणी फेकायचं

चोपडा

चि. मनीषा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

सईचं हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून तू रोज पालक करतेस, असं फोनवर म्हणालीस. पालक कर, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात लोह ३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, शेवग्याच्या पाल्यात साडेचार. कॅल्शियमचा फरक तर फारच मोठा, पालकात ८० च्या आसपास आणि शेवग्यात ३०० च्या वर. आणि शेवगा आपल्याकडे बांधावर फुकट उभा असतो, लोक शेंगा नेतात आणि पाला ढोरांपुढे टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

शेवग्याची कोवळी फांदी रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. सकाळी झटकलीस की पानं आपोआप गळतात, निवडत बसावं लागत नाही. काडी मात्र एकही राहू देऊ नको, ती शिजत नाही आणि पोरं भाजीच सोडून देतात. चार मुठी पाल्याला अर्धी वाटी तूरडाळ. डाळ आधी शिजवून घे, लसूण-मिरचीची फोडणी दे, पाला टाकून पाच-सात मिनिटं, बस. याचं पाणी फेकायचं नाही. जास्त शिजला की कडवटपणा येतो. तेलात हात आखडू नको, पानांतला जो भाग शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व होतो तो तेलाशिवाय अंगी लागत नाही. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळ. उकळीत त्याचं क जीवनसत्त्व जातं, आणि लोह शोषायला तेच लागतं.

घोळीचं उलटं आहे. तिच्यात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि मुतखडा असणाऱ्याला त्रास देतं. म्हणून दोन-तीन मिनिटं उकळून ते पाणी फेकून दे, मग मूगडाळीत कर किंवा कढी कर. दह्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच बांधतं. जवसात असतं त्या जातीचं ओमेगा-३ घोळीच्या पानांत असतं, हा तिचा खरा गुण. जमिनीला चिकटून वाढते, म्हणून तीन पाण्यांनी धू, नाहीतर दाताखाली माती येते. पाण्याचा ताण बसलेली घोळ सकाळी खुडली तर जास्त आंबट लागते, संध्याकाळची सौम्य. घेताना एक काडी मोडून बघ. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, टाकून दे.

तरोटा, म्हणजे टाकळा, पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांचाच खरा. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोल. टोकदार पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या तर तो कासविंदा, त्याच्या बिया पोरांना विषारी असतात. दोन्ही शेजारी शेजारी उगवतात म्हणून एवढं लिहिते. तरोटा पाच मिनिटं उकळून घट्ट पिळ, पाणी फेक, मग कांदा, लसूण आणि दाण्याचा कूट. फुलावर आलेला घेऊ नको, त्याने पोट ढिलं होतं.

भाजीवालीला एवढं विचार, की पाला कुठून आणला. कपाशीच्या बांधावरचा आणि केळीच्या बागेतला नको, तिथे फवारे आणि तणनाशक पडतं. युरिया दिलेल्या शेतातल्या तांदुळज्यात नायट्रेट साठतं, तो शिळा ठेवून खाऊ नये आणि तान्ह्या बाळाला तर देऊच नये.

जेवणाला लागून चहा कुणालाच नको, एक तास तरी जाऊ दे. चहा लोह अडवतो. सईच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेव, पाल्याने त्यांची जागा भरत नाही. तुझ्या सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे ना, त्यांना पालेभाजी रोज सारख्याच मापाने दे, एक दिवस डोंगर आणि चार दिवस काही नाही असं नको.

सावलीत वाळवलेली शेवग्याची पूड पाठवते आहे. उन्हात ठेवू नको, रंग आणि सत्त्व दोन्ही जातात. सईसाठी भाकरीच्या पिठात एक चमचा पुरे.

तुझी,
आई