सूचना : तिसरी-चौथीच्या मुलांचं शोधकार्य

नमस्कार सर्वांना, पुढच्या आठवड्यापासून मुलं आपापला विषय घेऊन माहिती शोधायला लागतील, तर एक विनंती आहे की "प्राणी" किंवा "अवकाश" असे अवाढव्य विषय देऊ नका, मुलाला स्वतःचा प्रश्न ठरवू द्या, "वटवाघूळ उलटं का लटकतं" असा काहीतरी, मग काय शोधायचं ते कळतं आणि काय सोडायचं तेही. पुस्तकातली अनुक्रमणिका आणि शेवटची सूची कशी बघायची हे एकदा शेजारी बसून दाखवा, नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. गूगलवर सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिराती असतात हेही सांगा. वाचून झालं की पुस्तक बंद करायचं आणि मगच स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळी लिहायच्या, कॉपी करणं बरंच कमी होतं, शेजारी कुठून मिळालं तेही लिहायचं. दोन ठिकाणी वेगवेगळी उत्तरं सापडली तर प्लीज लगेच बरोबर उत्तर सांगू नका, तिसरीकडे बघू दे त्याला, वेळ लागला तरी चालेल. तक्ता सुबक नसला तरी हरकत नाही पण तो मुलानेच केलेला हवा. प्रश्न ठरला की ग्रुपवर टाका.