रविवारची बैठक : डिचली पार्क

सर्व सभासदांना आठवण. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता आपण ऑक्सफर्डशायरमधल्या डिचली पार्कच्या इतिहासावर बोलणार आहोत. कृपया वेळेवर या.

जेम्स गिब्स या वास्तुकाराने १७२२ च्या सुमारास लिचफिल्डच्या अर्लसाठी हा वाडा बांधला. मधली दोनशे वर्षं आपण भराभर उरकू. खरी गोष्ट १९३३ मध्ये रोनाल्ड ट्री यांनी तो विकत घेतल्यावर रंगते. पंतप्रधानांचं चेकर्स हे निवासस्थान चांदण्या रात्री जर्मन विमानांना वरून सहज ओळखू येई. तिथल्या वाटाही उजळून दिसत. म्हणून नोव्हेंबर १९४० पासून, चंद्र मोठा असेल त्या शनिवार-रविवारी चर्चिल डिचलीत मुक्कामाला येत. युद्धाचे निर्णय पंचांग पाहून जागा बदलत होते, हे मला आजही थक्क करतं.

पुढे डेव्हिड विल्स यांनी १९५८ मध्ये डिचली फाउंडेशन स्थापन केलं आणि १९६२ पासून तिथे ब्रिटन-अमेरिका संबंधांवर परिषदा भरू लागल्या. चर्चेसाठी एकच प्रश्न मनात घेऊन या : असा वाडा संग्रहालय न होता परिषदांसाठी वापरात राहिला, यात त्याचं भलं झालं का? माझ्या मते झालं. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.